बुडाखालचा कापूस

माणसाची ओळख करून द्यायची तर तोंडावळ्यापासून सुरुवात करावी, मग पागोटं, मग बोलणं, असा आपल्याकडे रिवाज आहे. काकाजींच्या बाबतीत तो पाळता येत नाही. त्यांची सगळी कीर्ती, सगळा हुन्नर आणि शेवटी सगळी फजिती शरीराच्या ज्या भागाशी बांधलेली होती, त्याचं नाव चारचौघांत घेताना माझी जीभ आजही अडखळते. आयुष्यभर लेखणी चालवली, सभ्य घरातला म्हणवून घेतलं, आणि म्हातारपणी काही लिहायला बसलो तर पहिलाच शब्द हा. लाज वाटते, पण दुसरा शब्द चालत नाही. तेव्हा सांगून टाकतो. काकाजी कापसाची पारख बुडाने करत.

ते दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळत नव्हता, आणि त्यापायी इकडे अमरावती-अकोल्याच्या बाजारात माणसं चालता चालता पळायला लागली होती. काल ज्याच्या अंगावर धड बाराबंदी नव्हती तो आज जरीचा फेटा बांधून बैलबाजारात हिंडे. मी एका शेठच्या दुकानात कारकून होतो. शेठची मुख्य पेढी अकोल्याला मोर्णेकाठी आणि एक वखार अमरावतीला परकोटाच्या आत. काकाजी त्या दुकानाचे पारखी. खेड्यापाड्यांत जायचं, कास्तकाराचा कापूस पाहायचा आणि तो घेण्याजोगा आहे की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. ते सांगतील ते लिहून घ्यायचं, हे माझं. ते साठीला टेकलेले, मी तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. दोन तट्टांवर बसून आम्ही अमरावतीपासून मुर्तिजापुरावरून अकोल्यापर्यंतचा मुलूख तुडवत असू. आगगाडीचे रूळ तेव्हा नुसते टाकणं चालू होतं.

बाकीचे पारखी चिमूटभर कापूस घेत, दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढत आणि धागा किती लांब निघतो ते पाहत. लांब धाग्याचा तो बनी, आखूड धाग्याचा तो जडी. काकाजींनाही ते येत होतं. पण तेजीच्या त्या दिवसांत लोक वर बनी ठेवून खाली जडी दडपत, गेल्या वर्षीचा मेलेला कापूस नव्यात मिसळत, आणि चिमटीत येतो तो वरचाच कापूस. म्हणून काकाजींनी आपली रीत काढली होती. त्यांच्या खोगिराला बैठकीच्या जागी एक पिशवी शिवलेली होती, नाडीने बांधायची. कापसाच्या ढिगात खांद्यापर्यंत हात घालून ते तळचा कापूस काढत, घरच्या बायांकडून सरकी वेगळी करून घेत, पिशवीत ठासत आणि त्यावर बसून पुढच्या गावापर्यंत जाऊन येत. आल्यावर निकाल. "उठते" म्हणाले की कापूस चांगला. "दबते" म्हणाले की जडी. आणि "मेला" म्हणाले की त्या घरचा कापूस त्या साली आमच्या दुकानात यायचा नाही.

परत आल्यावर निकाल देण्याआधीचा प्रकार मला सहन होत नसे. सगळं गाव चावडीपुढे जमलेलं. काकाजी रिकिबीत उभे राहत, पुन्हा बसत, डोळे मिटून जरा डावीकडे घसरत, जरा उजवीकडे घसरत, मग मधोमध येऊन दोनदा दाबून पाहत. बाया पदर तोंडात कोंबत. पुरुष एकमेकांना कोपराने ढोसत. आणि त्या माणसाच्या मागे, त्याच दुकानाचा म्हणून, मी. मी त्या वेळी फार बारकाईने लिंबाच्या झाडाकडे पाहत असे.

गंमत अशी की त्यांचं चुकत नसे. अमरावतीच्या एका बड्या व्यापाऱ्याने पैजेवर त्यांना दोन पोत्यांवर बसवलं होतं. काकाजी एकावर बसले, दुसऱ्यावर बसले, आणि दुसऱ्यावरून उठता उठता म्हणाले, "याच्यात डाव्या अंगाले कोनीतरी जडी घातली आहे. कमून घातली, ते त्याले इचारा." पोतं उसवलं तर तसंच. व्यापाऱ्याने त्यांना शेला दिला. मीही त्या दिवशी पुढे होऊन उभा राहिलो होतो. शेला मिळत असला की कुठल्याही अवयवाची लाज जरा कमी होते.

मला मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी जे केलं ते मी कितीतरी वर्षं घरी सांगितलं नाही. पेढीच्या अंगणात त्यांनी चुलीची राख मागवली, चाळून पसरली आणि मला म्हणाले, "बस."

"कुठं?"

"राखीत बस. काहून, लुगडं खराब होते का तुह्यं?"

हमाल गोळा झाले. मी धोतर सावरून राखेत बसलो. "आता उठ. सिद्धा उठ, घसरू नोको." मी उठलो. काकाजी गुडघ्यांवर ओणवे झाले, माझा ठसा न्याहाळू लागले, बोटं लावून मापू लागले. "हे पाह्य. हे दोन खड्डे दिसून राहिले ना? मानूस या दोन हाडाइवर बसते. बाकीचं मांस म्हनजे पाहुनं. आज आहे, उद्या नाई. अन् लेका, तुह्ये खड्डे लय दूर दूर आहेत, बाईमानसावानी." हमाल खो खो हसले. काकाजी हसत नव्हते. त्यांनी माझं माप दोरीला गाठी मारून घेतलं आणि जीनगराला तसं खोगीर शिवायला सांगितलं. इतकं सुखाचं आसन मला पुढे कधी मिळालं नाही, हेही इथे सांगायला हवं. पण तो हमालांचा हशा मला त्या खोगिरावर बसताना दरवेळी आठवे.

खोगिरांविषयी ते कुठेही बोलत. लग्नाच्या पंगतीत, शेठच्या घरी सुतकाला गेलो असताना, एकदा तर तहसीलच्या कचेरीत साहेबासमोर. विशीत माणसाने तट्टाच्या उघड्या पाठीवर बसावं, कारण तेव्हा मांड्याच माणसाला धरून ठेवतात. तिशीत लोकरीचा नुसता नमदा पुरे. चाळिशीत बूड रुंदावतं, तेव्हा खोगीर मागून रुंद हवं. पन्नाशीत मधोमध खाच हवी. ही खाच त्यांची स्वतःची कल्पना. एका निवृत्त स्वाराकडून त्यांनी साहेबी चामडी जीन घेतली होती आणि तिच्या मधोमध लांबट फट पाडायला ते जीनगराकडे गेले. बिचारा जीनगर म्हणाला, "एवढं चांगलं चामडं फाडाचं कायले?" त्यावर काकाजींनी त्या पेठेत, दोन्ही बाजूंची दुकानं उघडी असताना, फटीचं कारण अवयववार समजावून सांगितलं. मी समोरच्या दुकानात चाबकाचा भाव विचारत उभा राहिलो. चाबूक मला नको होता.

"मंग साठीत?" असं कुणी विचारलं की मात्र ते विषय बदलत. बैलगाडीत बसा, असं कुणी सुचवलं तर संतापत. "गाडीत पोते जातेत, बाया जातेत अन् मेलेले जातेत. मी त्याइच्यातला कोन?" साठीचं खोगीर त्यांच्या पोथीत नव्हतं.

आता मी स्वतः त्यांच्या तेव्हाच्या वयाचा झालो आहे. खुर्चीवर घोंगडी चौपदरी करून घालतो आणि तरी दर घटकेला कूस बदलतो. बायको विचारते, काय होतंय? मी म्हणतो, खुर्ची वाईट आहे. सुताराला दोनदा बोलावून झालं. तो खुर्चीवर स्वतः बसून पाहतो, माझ्याकडे पाहतो आणि हत्यारं न उघडताच जातो. तेव्हा काकाजींना मी समजू शकत नाही असं नाही. शरीर कमी झालं हे माणसाला सगळ्यांत शेवटी कळतं. आधी खुर्ची बिघडते, मग जेवण बिघडतं, मग सगळं जग बिघडतं.

तेजी ऐन भरात असतानाच्या एका पावसाळ्यात काकाजींना हिवताप आला. श्रावण-भादवा अंथरुणात गेला. दसऱ्याला पुन्हा तट्टावर बसले तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, म्हातारा वाचला. दाढीमुळे गाल दिसत नव्हते, अंगरखा दुहेरी, धोतराचा घोळ मोठा. बारीक झालेलं कुणाला दिसलं नाही. त्यांनाही दिसलं नाही, कारण आरसा तिथवर पोचत नाही.

पण त्या सालचं कुठलंच खोगीर त्यांना बरं लागेना. चामडं वाळलं म्हणाले, जीनगर चोर आहे म्हणाले, तट्टाची चाल बिघडली म्हणून तट्टू बदललं. नव्या तट्टाची चालही बिघडलेली निघाली. आणि मग हंगाम सुरू झाला, पिशवीत कापूस भरला जाऊ लागला, तेव्हा त्यांना खरं कारण सापडलं, असं त्यांना वाटलं. कापूसच वाईट होता. "दबते." दुसऱ्या गावी, "दबते." तिसऱ्या गावी खाली उतरून कमरेवर हात ठेवून म्हणाले, "कारकून, लेहून घे. यंदा साऱ्या वऱ्हाडाचा कापूस दबला." मी लिहून घेतलं.

पूर्णाकाठच्या एका गावी सोनाबाई म्हणून एक कास्तकारीण होती. नवरा होता, पण तो अबोल. शेतीचं सगळं बाईच पाही. तिच्या कापसाचं नाव होतं. दंव वाळल्याशिवाय ती वेचणीला हात लावू देत नसे, आणि वेचणाऱ्या बायांच्या ओट्यात पानाचा चुरा दिसला तर सगळा ओटा परत निवडायला लावी. त्या तेजीत जो तो कापसात काहीबाही घालत होता, आणि लोक म्हणत, सोनाबाईला अक्कल नाही, नुसता कापूस विकते. असं हसत तिच्याबद्दल बोलायचे, पण त्या हसण्यात मान होता. गावात तिच्याजवळ तेवढं एकच ऐश्वर्य होतं आणि ते तिला पुरेसं होतं.

बाजाराचा दिवस होता. काकाजींनी तिचा कापूस भरला, पुढच्या गावी जाऊन आले. परत आले तेव्हा त्यांचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं. उतरले नाहीत. भरल्या बाजारात तट्टावरूनच म्हणाले, "बाई, हा मेला आहे. गेल्या सालचा जुना कापूस घातला तू याच्यात."

"काय म्हनता जी?" सोनाबाईला खरोखरच ऐकू गेलं नाही असं वाटलं.

"जुना आहे म्हन्लं. तुह्याकडून हे वाटलं नोतं."

"जुना? माह्या घरात जुना कापूस उशीत बी नाई! चिमटीत घेऊन पाहा, तळचा घ्या, कुठचाई घ्या!"

"चिमटीत काय पाहू? मी बसून आलो त्याच्यावर. चोरी ते चोरीच." आणि त्यांनी तट्टू वळवलं. मी मागे होतो. सोनाबाईचा नवरा गाडीच्या चाकाकडे पाहत होता आणि ती हातात कापूस घेऊन आमच्या मागे चार पावलं आली, मग थांबली. काकाजींचा शब्द म्हणजे त्या मुलखात शिक्का. कुणी दुसऱ्याने तपासून पाहायचा प्रश्नच नव्हता.

पुढे त्या गावचा एक माणूस पेढीवर आला तेव्हा कळलं. दुसरे खरेदीदार तिच्या दारावरून जात, थांबत नसत. पाणवठ्यावर तिला "मेल्या कापसाची" म्हणू लागले होते. वेचणीच्या बाया, ज्यांना तिने आयुष्यभर चुऱ्यावरून झापलं, त्याच आता मोठ्याने हसत. काकाजींनी हे ऐकलं आणि म्हणाले, "मंग? मी लावलं होतं का तिले मिसळाले?" त्यांना ते खरंच वाटत होतं, म्हणून मलाही वाटत होतं.

शेठला मात्र वेगळीच शंका आली. आम्ही "दबते" म्हणून सोडलेला कापूस अमरावतीचे दुसरे व्यापारी उचलत होते आणि खुशीत होते. एका दुपारी तो काकाजींना म्हणाला, "काकाजी, पूरे बरार का कपास एका सालात खराब कसा होतो? मला तर समजून नाही राहिलं."

काकाजींचा अपमान झाला. "समजून नाई राहिलं तं डोयानं पाहा," म्हणाले, आणि खोगीर मागवलं. सोनाबाईचं गाव त्या फेरीतलं शेवटचं; तिचा कापूस त्यांनी पुरावा म्हणून तसाच पिशवीत ठेवला होता, त्यावर बसून अकोल्यापर्यंतची कितीतरी गावं ओलांडून आले होते. मेलेला कापूस इतक्या दाबानंतर भाकरीसारखा चपटा होऊन निघतो. काकाजींनी नाडी सोडली आणि पिशवीचं तोंड शेठकडे केलं.

कापूस हळूहळू वर आला. दूध तापल्यावर येतं तसा तो पिशवीच्या काठावर चढला, काठावरून बाहेर आला आणि अजून फुगतच होता. काकाजींनी चिमूट घेतली, ओढली. धागा निघाला, निघतच गेला. त्यांनी दुसरी चिमूट घेतली. मग पिशवीच्या तळात हात घातला आणि तिथली घेतली.

"बनी," ते म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच.

"मग मेलेला कुठं आहे?" शेठने विचारलं. काकाजींनी हात मागे नेऊन धोतरावरून बूड चाचपलं. शेठ मूर्ख नव्हता, त्याला समजलं, आणि समजल्यावर तो चक्क हसला. "अच्छाच झालं की. आता बाईचा कापूस कोणी घेत नाही. आपण घेऊ, मेल्या कापसाच्या भावानं. तुम्ही फक्त गप्प राहा."

"अन् तिचं नाव?"

"नाव काय गाठोड्यात बांधून मुंबईला धाडायचं आहे?"

त्या दिवशी उन्हं कलल्यावर काकाजींनी मला मागच्या अंगणात बोलावलं. त्यांनी स्वतःच राख पसरली होती. "हात दे," म्हणाले. मी हात धरला, ते राखेत बसले. बसताना तोंडातून बारीक कण्हणं निघालं. मी त्यांना उचलून उभं केलं, आणि ते वळून पाहू लागले. मीही पाहिलं. पाहायला नको होतं असं तेव्हाच वाटलं, जसं चुकून कुणाच्या न्हाणीत डोकावावं. खुंट उपटल्यावर जमिनीत राहतात तसे दोन खड्डे, खोल आणि बारके. आजूबाजूला मांसाचा ठसा म्हणून नव्हता.

"पाहुनं गेलं, नाई का?" ते म्हणाले आणि पायाने राख पुसली. मग भिंतीला धरून उभे राहिले. लोकांसमोर बुडाविषयी एवढं मोकळं बोलणारा माणूस, पण त्या वेळी अंगणात आम्ही दोघंच असूनही त्यांनी धोतराचा घोळ मागे ओढून घेतला. मला त्या हालचालीची फार लाज वाटली. त्यांची नाही, माझीही नाही. एकंदरच.

पुढचं आधीच सांगून ठेवतो. शेठने त्यांना त्या हंगामानंतर फिरतीवर पाठवलं नाही. नाक्यावरच्या वजनकाट्याजवळ एक तिवई दिली, तिच्यावर गोधडी घालून ते गाड्या आत सोडत. आगगाडी सुरू झाली तेव्हा ती पाहायला अख्खं अकोलं लोटलं होतं. इंजिनाकडे सगळ्यांचे डोळे. काकाजींनी मात्र डब्याच्या खिडकीत हात घालून बाक दाबून पाहिला आणि आतल्या माणसाला विचारलं, "याच्यात काय भरलं आहे जी?" लाकूड होतं. ते फार नाराज होऊन घरी आले. नंतर अमरावतीला मुलीकडे गेले, तिथेच वारले.

पण त्याआधी सोनाबाईचा बाजार.

शेठला न सांगता आम्ही निघालो. वाटेत मी त्यांना समजावत होतो, कारण भरल्या बाजारात काय बोललं जाईल याची धास्ती मलाच जास्त होती. "काकाजी, खोगिरात दोष होता असं म्हना. खोटं नाई, अन् त्या विषयात बी जाव नाई लागत." ते हूं म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "खोगिरात दोष. चांगलं आहे. तू शिकेल मानूस आहे."

सोनाबाई गाडीशी बसली होती. गाडी कापसाने भरलेली, आणि तिच्याभोवती रिकामी जागा. बाजाराच्या दाटीत तेवढीच जागा रिकामी. काकाजी तट्टावरून उतरू लागले. लोकांसमोर उतरण्याची त्यांना सवय राहिली नव्हती. एक पाय रिकिबीत अडकला, ते एका पायावर लंगडी घालत फिरले, धोतर सुटायला आलं, आणि कुणीतरी हसलं. मी जाऊन पाय सोडवला. काकाजींनी हात जोडले.

"बाई, तुह्या कापसाले मी मेला म्हन्लं, ते चुकलं. माह्या खोगिरात..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खोगिरात दोष होता."

सोनाबाई उठलीसुद्धा नाही. "खोगिरात कापूस भरला तो माहाच ना? तुमीच भरला ना?"

"व्हय."

"मंग त्याच्यात खोगिराचा काय दोष? खोगीर काय कापूस जुना करते?"

मी मनात म्हणत होतो, पट्टा सैल होता म्हणा, नाडी म्हणा, काहीही म्हणा. त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं.

"खोगीर चांगलं होतं, माय. माह्यं बूड वाळलं. तापात मांस गेलं, हाडं राह्यले. आता गादीवर बसलो तरी गोट्यावर बसल्यावानी लागते, अन् मले वाटलं, कापूसच मेला. कापूस तुहा बनी आहे. एक नंबर बनी आहे. मेलं ते माह्यं बूड."

शेजारचा मिरचीवाला फुटला. त्याच्या पलीकडचा फुटला. हसू पाठीमागून पुढे सरकत आलं. सोनाबाईच्या तोंडावर रेघ हलली नाही.

"म्हनजे तुमच्या बुडापायी मी चोट्टी झाली?"

"व्हय, माय."

"पानवठ्यावर बाया थुकल्या माह्याकडं पाहून. तुमच्या बुडापायी?"

"व्हय."

ती उठून उभी राहिली. "मले चोट्टी म्हन्लं ते तुमी तट्टावर बसून म्हन्लं. साऱ्या बाजारानं आयकलं. अन् हे आता माह्यापाशी येऊन कानात सांगून राहिले. त्याइले कोन सांगन?" तिने बाजाराकडे हात केला.

काकाजींनी तट्टाकडे पाहिलं. पुन्हा चढण्याची त्यांच्यात ताकद नव्हती, ते सगळ्यांना दिसत होतं. "चढता नाई येत," ते म्हणाले. "चालत सांगतो."

आणि ते चालू लागले. माळणींच्या ओळीत गेले, मध्ये उभे राहिले, पागोटं हातातच, आणि ओरडून म्हणाले, "आयका हो! सोनाबाईचा कापूस चोख आहे! तिनं काई मिसळलं नाई! माह्यं बूड वाळलं, म्हनून मले समजलं नाई!" माळणी आधी बावरल्या, मग पदराआड हसू लागल्या. तेल्यांच्या ओळीत एकजण ओरडला, "दाखवा ना काकाजी!" हशा उसळला. काकाजी तो ओसरेपर्यंत थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, कारण हशात मधले शब्द बुडाले होते. कासारांच्या ओळीत बांगड्या भरायला आलेल्या पोरी होत्या, लेकी-सुना होत्या. तिथेही सांगितलं. मी दोन्ही तट्टांचे लगाम धरून मागे मागे. कान असे तापले होते की कुणी हात लावला असता तर भाजला असता. जमीन दुभंगावी असं लोक म्हणतात. मला तट्टू मोठं असतं तर त्याच्या आड बसता आलं असतं, एवढंच वाटत होतं. आणि आमच्या मागे, हाताची घडी घालून, सोनाबाई. ती प्रत्येक ओळीत कान देऊन उभी राहत होती.

घोंगड्यावाल्यांची ओळ शेवटची. तिथे काकाजी उभे राहिले, तोंड उघडलं, आणि आवाजच निघाला नाही. घसा गेला होता. पुन्हा प्रयत्न केला, नुसती हवा आली. घोंगड्यावाले त्यांच्याकडे टकमक पाहत होते, म्हाताऱ्याला काय झालं म्हणून. काकाजींनी मागे वळून सोनाबाईकडे पाहिलं. ती थांबली होती. ती ओळ सोडून द्यायला ती तयार नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी कारकून. सभ्य घरातला. शेठच्या दिवाणखान्यातही ज्याने कधी मोठ्याने खोकलं नाही तो.

"आयका," मी म्हणालो. पहिल्यांदा जरा हळूच निघालं, म्हणून पुन्हा म्हणालो. "आयका हो! आमच्या काकाजींचं बूड वाळलं आहे! सोनाबाईच्या कापसात काई खोट नाई! बूड वाळलं, म्हनून त्याइले समजलं नाई!"

घोंगड्यावाले हसले. हसू द्या म्हटलं, आणि एकदा आणखी सांगितलं.

सोनाबाई वळली आणि गाडीकडे निघाली. गाडीजवळच्या रिकाम्या जागेत अमरावतीचा एक खरेदीदार येऊन उभा होता, खांद्यावरचा रुमाल काढून हातावर पसरत. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची तिकडची रीत. आमच्याकडे तिने पाहिलंही नाही. नवऱ्याला म्हणाली, "द्या हात." तो अबोल माणूस पुढे झाला आणि त्याने रुमालाखाली हात घातला.

काकाजी मागोमाग येऊन मिरचीवाल्याच्या पोत्याला टेकून हे पाहत होते. पागोटं अजून हातात. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी माझी बाही धरली आणि त्या गेलेल्या घशातून विचारलं,

"साऱ्याइले आयकू गेलं ना?"

"गेलं, काकाजी," मी म्हणालो. "साऱ्याइले गेलं."